गोलंदाजाचा कस

माणसाच्या गुणांचें मोल कशावरून ठरवावें हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका जुना आहे, तितकाच तो रोजच्या व्यवहारांतही जुना आहे. मात्र ग्रंथांत तो बहुधा राजा, संन्यासी किंवा न्यायाधीश यांच्या उदाहरणांनीं मांडला जातो, आणि त्यामुळें सामान्य वाचकाला तो आपला वाटत नाहीं. आम्ही येथें तोच प्रश्न घरोघर चर्चिल्या जाणाऱ्या एका उदाहरणावरून मांडूं इच्छितों. कसोटी सामन्यांतील गोलंदाज थोर कीं केवळ नशीबवान, हें कशावरून ओळखावें? खेळाच्या गोष्टीवर इतका गंभीर विचार कशाला, असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें उत्तर असें कीं, या खेळांत प्रत्येक चेंडूची नोंद ठेवली जाते. इतकें काटेकोर दप्तर दुसऱ्या फारच थोड्या मानवी उद्योगांत सांपडेल. असें दप्तर हाताशीं असूनही न्याय करतांना आपला गोंधळ उडत असेल, तर जेथें नोंदच नाहीं तेथें आपण माणसांचे निवाडे किती बेफिकीरपणें करीत असूं, याची कल्पना यावी.

या विषयांतले दोन मुख्य शब्द मराठीनें दुसरीकडून आणले आहेत, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. कसोटी हा सोनाराचा दगड. सोन्याचा कस त्यावर घासून पाहावयाचा. गोलंदाज हा मूळचा तोफखान्यांतला मनुष्य. तोफेंत गोळा भरून तो नेमका टाकणारा. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस हा दुसरा शब्द विशेष जवळचा वाटावा. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला गेला आणि १६६७ साली जो पुरा झाला, तो सिंधुदुर्ग आजही समोर पाण्यांत उभा आहे. अशा किल्ल्याच्या तटावरील गोलंदाजाचें काम कोणतें होतें? शत्रूचें जहाज बुडविणें, असें उत्तर कोणीही देईल. पण जें जहाज तोफेच्या धाकानें बंदराकडे वळलेंच नाहीं, त्याचा हिशेब कोठें धरावा? बुडालेलें जहाज मोजतां येतें. न आलेलें जहाज मोजतां येत नाहीं. क्रिकेटच्या गोलंदाजाचा निवाडा करतांना जी अडचण पडते तिचें बीज या एका प्रश्नांत आहे.

प्रथम मोजतां येणाऱ्या गोष्टींकडे पाहूं. गोलंदाजानें दिलेल्या धावांस त्यानें घेतलेल्या बळींनीं भागिलें म्हणजे त्याची सरासरी निघते. ती जितकी कमी तितका गोलंदाज चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत पुरतो तें चार भारतीय गोलंदाजांवरून पाहावें. नाशिकचे बापू नाडकर्णी ४१ कसोटी सामने खेळले, ८८ बळी मिळविले, सरासरी २९.०७. मुंबईचे सुभाष गुप्ते ३६ सामने, १४९ बळी, सरासरी २९.५५. कपिल देव १३१ सामने, ४३४ बळी, सरासरी २९.६४. अनिल कुंबळे १३२ सामने, ६१९ बळी, सरासरी २९.६५. चौघांचीही सरासरी एकोणतीस-तिसांच्या आंत येऊन थांबते. तेवढ्यावरून न्याय करावयाचा तर चौघे एकाच मापाचे ठरतील. परंतु नाडकर्णी दर सामन्यांत दोनांहून किंचित् अधिक बळी घेत, गुप्ते चारांहून अधिक, कुंबळे पावणेपांचांच्या जवळपास. उलट, दर षटकांत दिलेल्या धावा पाहिल्या तर नाडकर्ण्यांचा आंकडा १.६७ इतका खालीं आहे कीं, दुसऱ्या कोणाचें नांव त्यांच्या शेजारीं लिहिण्यास संकोच वाटावा. कपिल देवांनीं तर वेगवान गोलंदाजीस प्रतिकूळ अशा आपल्या देशांतील खेळपट्ट्यांवर सोळा वर्षें धांव घेतली. तेव्हां आंकडा एक, पण त्या आंकड्यामागचीं माणसें आणि त्यांचीं कामें चार निराळीं.

काळाचा फरकही असाच नडतो. इंग्लंडचा जॉर्ज लोहमन यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८ कसोटी सामन्यांत ११२ बळी घेतले, सरासरी १०.७५. श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरननें १३३ सामन्यांत ८०० बळी घेतले, सरासरी २२.७२. म्हणून लोहमन मुरलीधरनच्या दुप्पट थोर, असें म्हणण्यास कोणीही विचारी मनुष्य धजणार नाहीं. लोहमनच्या काळच्या खेळपट्ट्या ऊनपावसांत उघड्या पडत आणि फलंदाजास चेंडूचा भरंवसा नसे. ही गोष्ट कोंकणांतल्या पोरासही सांगावी लागत नाहीं. भातकापणी झाल्यावर जो कुणग्यांत खेळतो आणि पुढें जांभ्याच्या सड्यावर खेळतो, त्याला ठाऊक असतें कीं एकाच हाताचा एकच चेंडू एका जागीं घोट्याखालून सरपटतो आणि दुसऱ्या जागीं कपाळावर येतो. म्हणून २०२४ च्या डिसेंबरांत मेलबर्न येथें जसप्रीत बुमरानें दोनशें बळींचा टप्पा ओलांडला, आणि तोही विसांच्या आंतल्या सरासरीनें, तेव्हां त्या आंकड्याचें मोल लोहमनच्या आंकड्याहून निराळें ठरलें. दोनशें बळी घेणाऱ्यांत अशी सरासरी त्यापूर्वीं कोणाचीच नव्हती.

आतां न आलेल्या जहाजाच्या प्रश्नाकडे येऊं. १२ जानेवारी १९६४ रोजीं मद्रास येथें इंग्लंडविरुद्ध चाललेल्या सामन्यांत नाडकर्ण्यांनीं ३२ षटकें टाकलीं. त्यांपैकीं २७ निर्धाव गेलीं, आणि त्यांतलीं २१ ओळीनें निर्धाव होतीं. धावा दिल्या अवघ्या ५. बळी एकही नाहीं. बळी हेंच गोलंदाजाचें फळ मानलें तर त्या डावांत नाडकर्णी रिकाम्या हातांनीं परतले असें म्हणावें लागेल. तें म्हणावयास जीभ कचरते, आणि ती कां कचरते याचा शोध घेतला पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावरील रापण ज्यानें पाहिली आहे त्यास हा शोध सोपा जाईल. रापणीचें जाळें होडींतून समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडतात, आणि मग त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसें ओढूं लागतात. एका बाजूची ओढ ढिली पडली कीं मासळी त्या बाजूनें निसटते. अखेरीस मासळी जाळ्याच्या पोटांत येते ती दोन्ही बाजूंच्या ओढीमुळें. ज्याच्या पायाशीं ती प्रथम उसळली त्यानेंच ती पकडली, असें कोणी रापणकर म्हणत नाहीं. वाटे सर्वांचे पडतात. क्रिकेटमध्येंही दोन टोकांनीं दोन गोलंदाज टाकीत असतात. एकानें धावांची वाट बंद केली म्हणजे फलंदाज दुसऱ्यावर उतावीळ होतो आणि बळी दुसऱ्याच्या नांवावर चढतो. धावपुस्तकांत मात्र वाटे पाडण्याची सोय नाहीं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. १९६३-६४ च्या त्या मालिकेंतील पांचही सामने अनिर्णित राहिले. मग त्या कंजूषीनें साधलें काय? जी तटबंदी राखली तिच्या आडून कोणी चाल करून गेलाच नाहीं, तर ती राखण्याचें कौतुक किती करावें? आमच्या मतें या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें संघाला लागू पडतें, नाडकर्ण्यांना नाहीं. एका टोकाचा दोर ज्यानें घट्ट धरला त्याला दुसऱ्या टोकाच्या ढिलाईचा जाब विचारतां येत नाहीं. नेमून दिलेलें काम त्यानें कसें केलें एवढेंच विचारतां येतें, आणि त्या बाबतींत धावपुस्तकच त्यांचा साक्षीदार आहे.

फळावरून न्याय करण्यांत दुसरी अडचण दैवाची. १९५८ च्या डिसेंबरांत कानपूर येथें गुप्त्यांनीं वेस्ट इंडीजचे ९ बळी १०२ धावांत घेतले. दहावा बळीही त्यांचाच व्हावयाचा. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाण्यांच्या हातून सुटला, आणि पुढें गिब्जचा त्रिफळा वसंत रांजणे यांनीं उडविला. झेल सुटला म्हणून गुप्त्यांच्या त्या चेंडूंत कांहीं उणें आलें काय? चेंडू हातांतून सुटला, टप्पा पडला, तो वळला, फलंदाज फसला. येथवर गोलंदाजाचें काम पुरें झालें होतें. त्यापुढचें दुसऱ्याच्या हातीं होतें. उलट उदाहरण १९९७ सालचें. कोलंबो येथें नीलेश कुलकर्णीनें कसोटी क्रिकेटमधील आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूस बाद केलें. त्यानंतर त्याच डावांत श्रीलंकेनें ६ बाद ९५२ धावा केल्या, आणि कुलकर्णीचे आंकडे ७० षटकांत १९५ धावा व तो एकच बळी असे राहिले. तीन कसोटी सामन्यांत मिळून त्याला दोनच बळी मिळाले, सरासरी १६६. याच गोलंदाजानें प्रथम श्रेणीच्या सामन्यांत साडेतीनशेंहून अधिक बळी घेतले आहेत. मुंबईंतच जन्मलेल्या एजाझ पटेलचें नशीब याहून विलक्षण. डिसेंबर २०२१ मध्यें वानखेडे मैदानावर न्यूझीलंडतर्फे खेळतांना त्यानें भारताच्या एका डावांतले दहाही बळी ११९ धावांत घेतले. त्याचा संघ ३७२ धावांनीं हरला, आणि मायदेशीं झालेल्या पुढच्याच मालिकेंत, तेथील खेळपट्ट्या फिरकीच्या नव्हेत म्हणून, त्याला संघांत जागा मिळाली नाहीं.

तेव्हां फळ हें माप नव्हे, असें म्हणून कोणी गीतेकडे वळेल. फळाची आशा सोडून कर्म करावें हा तिचा उपदेश घरोघर ठाऊक आहे. आणि लोकमान्यांनीं गीतारहस्यांत, कर्माच्या बाह्य परिणामापेक्षां कर्त्याची बुद्धि श्रेष्ठ, असा निवाडा दिला आहे. नीतीच्या प्रांतांत तो निवाडा आम्हांस मान्य आहे. परंतु गोलंदाजाच्या बाबतींत तेवढ्यानें भागत नाहीं. शुद्ध बुद्धीनें, निष्काम होऊन आंखूड टप्प्याचे चेंडू टाकणारा मनुष्य सज्जन असेल, गोलंदाज म्हणून तो वाईटच. म्हणजे फळ पुरत नाहीं आणि हेतुही पुरत नाहीं. उरतें तें त्या दोहोंच्या मधलें प्रत्यक्ष कर्म आणि त्या कर्मांतलें कौशल्य. योगाची एक व्याख्याही गीतेनें कौशल्याच्याच भाषेंत केलेली आहे.

हा भेद तीन नाण्यांनीं अधिक स्पष्ट होईल. पुण्याच्या युरोपियन क्लबांत जे. जी. ग्रेग हा फलंदाज सरावाला येई तेव्हां आपणांस बाद करणाऱ्या बाळू पालवणकरांस दर वेळीं आठ आणे देई, असें सांगतात. मालवणांत १९३२ सालीं जन्मलेले रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कावर सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो त्याला बाद करील त्याचें तें नाणें, कोणीच न केलें तर सचिनचें. तिसरें नाणें नाडकर्ण्यांचें. सरावाच्या वेळीं ते खेळपट्टीवर टप्प्याच्या जागीं नाणें ठेवीत आणि चेंडू त्यावर पाडण्याचा अभ्यास करीत, अशी त्यांची ख्याति आहे. पहिलीं दोन नाणीं फळाचीं. तीं कोणाच्या तरी खिशांत जावयाचीं. तिसरें जमिनीवरच राहावयाचें. त्यावर चेंडू पडला कीं नाहीं हें ना फलंदाजावर अवलंबून, ना झेल घेणाऱ्यावर, ना दैवावर. गोलंदाजाच्या गुणाचें शुद्ध माप कोणतें असें आम्हांस विचारलें तर आम्ही या तिसऱ्या नाण्याकडे बोट दाखवूं.

मात्र हें माप पाहावयास डोळा लागतो. चेंडू नाण्यावर पडला कीं शेजारीं, हें धावपुस्तक सांगत नाहीं; जाणता सांगतो. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकांत सुनील गावसकरांनीं आपल्या आदर्श खेळाडूंमध्यें पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल या दोघांस स्थान दिलें. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही नांवावर कसोटी बळी एकही नाहीं, कारण दोघेही कसोटी सामना खेळलेच नाहींत. गोयलनीं रणजी सामन्यांत ६३७ बळी घेतले. शिवलकरांनीं प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले, सरासरी १९.६९. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत मद्रासच्या चेपॉक मैदानावर त्यांनीं तमिळनाडूचे पहिल्या डावांत १६ धावांत ८ आणि दुसऱ्यांत १८ धावांत ५ बळी घेतले. खेळपट्टी फिरकीची होती हें खरें. पण त्याच खेळपट्टीवर मुंबईनें १५१ आणि ११३ धावा केल्या, तर तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत संपले. सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या चेंडूवर आटोपला. उरलेला फरक शिवलकरांचा.

मग शिवलकरांवर अन्याय झाला काय? येथें शब्द जपून वापरले पाहिजेत. त्या काळीं भारताचा डावखुरा फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी होता. ६७ कसोटी सामन्यांत २६६ बळी घेणारा, जगानें वाखाणलेला. जागा एक, आणि ती अयोग्य माणसाला मिळाली असें कोणी म्हणूं शकत नाहीं. चुकीच्या वर्षीं जन्मास येणें हें दैव आहे. दैवाबद्दल हळहळ वाटावी, राग वाटूं नये. मार्च २०१७ मध्यें गोयल व शिवलकर या दोघांस क्रिकेट मंडळानें सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्यें आणि शिवलकर ३ मार्च २०२५ रोजीं निवर्तले. तो गौरव म्हणजे हळहळीची उशिरां झालेली नोंद होती, आणि ती नोंद झाली हें बरें झालें.

गुप्त्यांची गोष्ट निराळी. १९६१-६२ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेंत दिल्लीच्या हॉटेलांत त्यांच्या खोलींतील सहकाऱ्याच्या वर्तनाविषयीं तक्रार झाली, आणि एका खोलींत राहत होते एवढ्यावरून गुप्त्यांनाही दूर करण्यांत आलें. बत्तिसाव्या वर्षीं त्यांचें कसोटी क्रिकेट संपलें. पुढें ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ सालीं तेथेंच वारले. येथें दैवानें कांहीं केलें नव्हतें, माणसांनीं केलें होतें.

आणि बाळू पालवणकरांची गोष्ट तर याहूनही खोल जाते. चांभार जातींत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या क्लबांत खेळपट्टीची मशागत करीत करीत तयार झाला. युरोपियनांना हरवावयाचें म्हणून हिंदु संघानें त्याला घेतलें. मैदानावर त्यानें टाकलेला चेंडू सर्वांच्या हातांत फिरे. चहाच्या वेळीं मात्र त्याचा चहा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यानें सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. हिंदु संघाचें कर्णधारपद त्याला कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालें. भारतानें पहिला कसोटी सामना १९३२ सालीं खेळला तेव्हां बाळूंची पन्नाशी कधींच उलटली होती, म्हणून कसोटी बळींच्या यादींत त्यांचें नांव नाहीं. यांतला एक भाग काळाचा व दुसरा माणसांचा आहे, आणि काळाचा दाखला देऊन माणसांना सोडून देतां येणार नाहीं.

याच ठिकाणीं आमच्या विवेचनास एक वळण घ्यावें लागतें. आतांपर्यंत आम्ही आंकड्यांची अपुरेपणाबद्दल झडती घेतली आणि जाणत्याच्या डोळ्याची बाजू घेतली. परंतु बाळूंच्या काळीं जाणते डोळे कमी नव्हते. कर्णधारपद नाकारणाऱ्या मंडळींस क्रिकेट चांगलें समजत होतें. त्यांच्या डोळ्यांवर जातीचें झांपड होतें. त्या झांपडापुढें बाळूंची बाजू कोणी मांडली असेल तर ती आंकड्यांनीं. ११४ बळी हे कोणाच्या जातीचे नव्हते. ते नाकारतां येत नव्हते. आंकडा मुका असतो, पण तो कोणाचा पक्षपात करीत नाहीं, आणि ज्याच्या बाजूनें बोलावयास कोणी नसतें त्याला मुका साक्षीदारही मोठा आधार असतो. म्हणून, आम्हांस आंकडे नकोत, आम्ही गुण नजरेनें ओळखतों, असें जे अभिमानानें म्हणतात त्यांच्याविषयीं आम्हांस थोडी भीति वाटते. नजर आंकड्याची चूक सुधारते हें जितकें खरें, तितकेंच आंकडा नजरेचें पाप उघडें करतो हेंही खरें. दोहोंपैकीं एकावर विसंबणारा न्यायाधीश अर्धाच न्याय करतो.

तेव्हां गोलंदाजाचा कस पाहणाऱ्यानें आंकडा अवश्य वाचावा, पण वाचतांना कांहीं प्रश्न मनांत धरावे. हा कोणत्या खेळपट्टीवर आणि कोणापुढें टाकीत होता? दुसऱ्या टोकास कोण होतें, आणि झेल घेणारे हात कसे होते? त्याला नेमून दिलेलें काम तोडण्याचें होतें कीं रोखण्याचें? आणि सर्वांत शेवटीं, पण महत्त्वानें सर्वांत आधीं, मैदानाचा दरवाजा त्याच्यासाठीं इतरांइतकाच उघडा होता काय? पहिले प्रश्न खेळाचे आहेत. शेवटचा नीतीचा आहे, आणि त्याचें उत्तर मिळेपर्यंत पहिल्यांचीं उत्तरें कच्चींच राहतात.

आमच्या वाचकांच्या घरांत कसोटी गोलंदाज क्वचितच जन्मास येत असतील. गुणपत्रिका मात्र दरवर्षीं येते. ती हातांत घेणारे आपण सारे, गोलंदाजाची सरासरी वाचणाऱ्याच्याच जागीं असतों. मूल कोणत्या खेळपट्टीवर खेळलें, शेजारच्या मुलाला शिकवणीची जी जोड होती ती याला होती काय, हें विचारण्याआधींच आपण निकाल देऊन मोकळे होतों. आचरेकरांचीच गोष्ट घ्यावी. खेळाडू म्हणून त्यांच्या नांवावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. त्या एका सामन्यावरून ज्यानें त्यांची किंमत केली असती, त्यानें आपलें मूल त्यांच्याकडे शिकावयास पाठविलें नसतें. सुदैवानें, सामना किती खेळला यापेक्षां खेळ किती समजला हें पाहणारीं घरेंही मुंबईंत होतीं. माणसाची किंमत करणें टाळतां येत नाहीं. शाळा, कचेरी, लग्न, मैत्री सर्वत्र ती करावीच लागते. म्हणून सोनार जी दक्षता सोन्यासाठीं घेतो, दगड पुसून, पुन्हां घासून, उजेडांत धरून, तेवढी तरी आपण माणसांसाठीं घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.